कातिबांची रोजी आणि आपल्या मुलांचे करिअर

दहावी-बारावीचे निकाल लागले की पालकांचे फोन सुरू होतात. पूर्वी प्रश्न एवढाच असायचा, "सर, पुढे काय करावं?" आता त्याला एक शेपूट जोडले गेले आहे, "हे शिकून होईपर्यंत एआय ते काम खाऊन तर टाकणार नाही ना?" मी उर्दू आणि मराठी शिकवणारा माणूस. संगणकशास्त्राचा माझा अभ्यास नाही. तरी हा प्रश्न टाळता येत नाही, कारण विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर त्याचे मूल असते आणि खिशात जेमतेम एका अभ्यासक्रमाच्या फीचे पैसे असतात.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि तेव्हापासून 'एआयच्या काळातील सुरक्षित करिअर' अशा याद्या मोबाइलवर फिरत आहेत. या याद्या भविष्याच्या अंदाजावर बेतलेल्या असतात आणि असे अंदाज मोठमोठ्या माणसांचेही चुकतात. २०१३ साली ऑक्सफर्डच्या फ्रे आणि ऑस्बर्न या दोन अभ्यासकांनी अमेरिकेतील ४७ टक्के रोजगार यंत्रीकरणाच्या मोठ्या धोक्याच्या गटात मांडले होते. एवढ्या नोकऱ्या आजवर गेलेल्या नाहीत. २०१६ साली जेफ्री हिंटन यांनी, ज्यांना पुढे २०२४ चे नोबेल मिळाले, रेडिओलॉजिस्ट घडवणे आताच थांबवावे असे सांगितले होते. पाच वर्षांत यंत्र त्यांच्यापेक्षा सरस ठरेल, असा त्यांचा कयास होता. ती पाच वर्षे उलटून गेली. यंत्रे खरोखर सुधारली, पण रेडिओलॉजिस्टची गरज संपली नाही.

म्हणून मला भविष्याच्या यादीपेक्षा घडून गेलेल्या गोष्टीवर जास्त भरवसा वाटतो. अशी एक गोष्ट माझ्याच विषयात, उर्दूत, घडली आहे. ती कातिबांची आहे.

कातिब म्हणजे कोण?

मराठी वाचकांसाठी थोडे सविस्तर सांगतो. कातिब म्हणजे सुवाच्य अक्षरात लिहून देणारा व्यावसायिक लेखक. कुरआनच्या सर्वात आधी अवतरलेल्या आयतींमध्ये वाचण्याचा आणि कलमेचा उल्लेख आहे, त्यामुळे मुस्लिम समाजात लिहिण्याच्या हुनराला नेहमीच मान राहिला. राजे-नवाबांच्या पदरी कातिब असत, मदरशांत असत, बाजारातही असत. बरूची कलम कापणे, शाई घोटणे, मिस्तर म्हणजे दोरे ताणलेल्या पाटीने कागदावर ओळी उमटवणे, आणि मग वर्षानुवर्षे उस्तादासमोर बसून एकेका अक्षराचे माप हातात बसवणे, असे हे शिक्षण होते. माप नुक्त्यात मोजत. अलिफ किती नुक्ते उंच, बे किती नुक्ते लांब, हे ठरलेले असे.

उर्दू ज्या नस्तालीक वळणात लिहिली जाते ते वळण मोठे देखणे आणि तितकेच अवघड. एकच 'बे' शब्दाच्या सुरुवातीला वेगळा दिसतो, मध्ये वेगळा आणि शेवटी वेगळा. पुढे कोणते अक्षर येते त्यावरही त्याचे रूप बदलते. शब्द उजवीकडून सुरू होऊन तिरका खाली उतरतो. देवनागरीची अक्षरे शिरोरेषेला टांगलेली असतात, इथे तशी सरळ रेघ नाही. नेमकी ही अडचण कातिबांच्या रोजीची ढाल ठरली.

छापखाना आला, तरी कातिब राहिला

युरोपात पंधराव्या शतकाच्या मध्यावर गुटेनबर्गचे सुटे खिळे आले आणि हाताने पुस्तके उतरवून काढणाऱ्यांचा धंदा हळूहळू बसला. उस्मानी तुर्कांच्या राजधानीत, इस्तंबूलमध्ये, तुर्की पुस्तके छापण्याचा परवाना इब्राहिम मुतफर्रिका यांना १७२७ साली सुलतान तिसऱ्या अहमदने दिला. शेखुल इस्लामचा अनुकूल फतवाही मिळाला. मात्र धार्मिक ग्रंथ त्या परवान्यातून वगळले होते. १७२९ मध्ये पहिले पुस्तक निघाले, तो एक शब्दकोश होता. धर्मग्रंथ त्यानंतरही कातिबांच्याच हाती राहिले.

हिंदुस्थानात कहाणी आणखी वेगळी झाली. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजच्या काळात, म्हणजे १८०० नंतर, उर्दूची पुस्तके खिळ्यांवर छापली गेली. पण खिळ्यांची उर्दू वाचकांच्या डोळ्यांना रुचली नाही. मग आले शिळामुद्रण. बव्हेरियात अलोइस सेनेफेल्डर याने १७९६ च्या सुमारास हे तंत्र शोधले होते. तेलकट शाईने कागदावर लिहायचे, ते लेखन गुळगुळीत दगडावर उतरवायचे आणि त्या दगडावरून शेकडो प्रती काढायच्या. यात खिळे जुळवण्याची गरज नव्हती. कातिबाचे हस्ताक्षर जसेच्या तसे छापून निघत असे. आपल्या मुंबईतही हे तंत्र लवकर रुजले. गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली मराठी पंचांग शिळेवर छापले होते आणि फारसी शिळामुद्रणाचेही मुंबई मोठे केंद्र बनले.

या यंत्राने कातिबाला बेकार केले नाही, त्याला भरपूर काम दिले. मुन्शी नवल किशोर यांनी १८५८ साली लखनऊमध्ये छापखाना काढला. १८९५ मध्ये त्यांचे निधन झाले, तोपर्यंत तिथून कुरआनपासून हिंदू धर्मग्रंथांपर्यंत, उर्दू, फारसी, अरबी, हिंदी अशा अनेक भाषांत हजारो पुस्तके बाहेर पडली होती. पूर्वी एका नवाबासाठी एक प्रत लिहिणारा कातिब आता हजार वाचकांसाठी लिहू लागला. त्याच्याबरोबर एक नवा धंदाही जन्मला, तो संगसाजाचा. दगडावर लेखन उलटे उमटते. कुठे नुक्ता राहिला, कुठे अक्षर पुसट आले, तर संगसाज दगडावरच उलटी अक्षरे लिहून ते दुरुस्त करी. उलटे लिहिण्यात तरबेज असलेल्या माणसाला पगार मिळेल, हे शंभर वर्षांपूर्वी कुणाच्या स्वप्नातही आले नसेल.

मौलाना आझादांनी १९१२ साली कलकत्त्याहून 'अल-हिलाल' काढले ते टाइपात छापलेले होते. त्याचा बोलबाला खूप झाला, पण उर्दू छपाई त्यामागे गेली नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत उर्दू वर्तमानपत्रांच्या कचेरीत ओळीने कातिब बसलेले असत आणि बातमी त्यांच्या कलमेतून उतरल्याशिवाय अंक निघत नसे.

म्हणजे पहिल्या यंत्राने कातिबाला दीडशे वर्षांचे आयुष्य बहाल केले. ही अर्धी गोष्ट ऐकून जो थांबेल तो म्हणेल, यंत्राला घाबरू नका, यंत्र नेहमी काम वाढवते. आजही असे सांगणारे पुष्कळ आहेत. पण गोष्टीचा दुसरा अर्धा भाग राहिला आहे.

१९८१ आणि त्यानंतर

ऑफसेट छपाई आली तेव्हा दगड गेला आणि दगडाबरोबर संगसाजही गेला. कातिबाला मात्र धक्का लागला नाही. त्याने लिहिलेल्या पानाचा आता फोटो निघू लागला, इतकेच. मग १९८१ साली पाकिस्तानातील खत्तात मिर्झा अहमद जमील आणि इंग्लंडची मोनोटाइप कंपनी यांनी मिळून 'नूरी नस्तालीक' हा संगणकीय टाइप तयार केला. त्यात वीस हजारांच्या आसपास जोडाकृती होत्या. नस्तालीकमधली जी अडचण कातिबांची ढाल होती, ती या जोडाकृतींनी मोडून काढली. त्याच वर्षी लाहोरचा 'जंग' या टाइपात निघू लागला. १९९४ मध्ये दिल्लीच्या कॉन्सेप्ट सॉफ्टवेअरने 'इनपेज' बाजारात आणले आणि साध्या संगणकावर कुणालाही नस्तालीक लिहिता येऊ लागली. पुढच्या काही वर्षांत बहुतेक उर्दू कचेऱ्यांतून कलमा आणि दौती उचलल्या गेल्या.

इथे एक बाब लक्षात घेण्यासारखी आहे. यंत्रात जे अक्षर बसले ते एका खत्तातानेच लिहिलेले होते. एका माणसाच्या हाताचे कसब यंत्राने साठवले आणि ते हजारो कातिबांच्या जागी उभे राहिले. आजची एआयसुद्धा माणसांनी लिहिलेल्या, रेखाटलेल्या, भाषांतरित केलेल्या अगणित गोष्टींवरच शिकली आहे. फरक असा की मिर्झा साहेबांनी हे काम जाणूनबुजून केले आणि त्यांचे नाव त्या टाइपाबरोबर राहिले. एआयने ज्यांच्याकडून शिकून घेतले त्यांतल्या बहुतेकांना कुणी विचारलेही नाही.

मग टिकले कोण?

सगळे कातिब एकाच रीतीने संपले नाहीत. ढोबळ मानाने त्यांच्या चार वाटा झाल्या.

ज्यांची कमाई पानामागे ठरलेल्या दरावर होती आणि ज्यांच्याकडे वेग हेच मोठे भांडवल होते, ते सर्वात आधी गेले. वेगात यंत्राशी स्पर्धा होत नाही.

काही कातिब कीबोर्डकडे वळले. इनपेज चालवणारे सुरुवातीचे चांगले ऑपरेटर यांच्यातून आले, कारण कोणता शब्द कुठे तुटला तर वाईट दिसतो आणि कोणता मजकूर चुकीचा आहे हे त्यांना न सांगता कळत असे. टाइप करणे कुणीही शिकू शकत होते. भाषा मात्र आधीपासून यावी लागत होती.

तिसरे, कलेकडे गेलेले. जी गोष्ट रोजच्या गरजेची राहत नाही तिला कधीकधी वेगळी किंमत येते. मशिदींचे शिलालेख, निकाहच्या पत्रिका, पुस्तकांची मुखपृष्ठे, चित्रफलक यांत खत्ताती जिवंत राहिली. १९९६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय उर्दू भाषा विकास परिषदेने खत्ताती आणि ग्राफिक डिझाइन यांचा जोड अभ्यासक्रम चालवला. चेन्नईचे १९२७ पासूनचे 'द मुसलमान' हे चार पानी सांजदैनिक तर या शतकातही हाताने लिहून निघत राहिले. पण या वाटेवर जागा थोड्या आहेत. शंभरातले पाच इथे मावतात, पंचाण्णव मावत नाहीत. मुलाला 'काहीतरी कलेचं कर' असे सांगताना हे प्रमाण विसरू नये.

चौथे, चुका पकडणारे. कुरआनच्या छपाईत एक जबर-जेर इकडचा तिकडे झाला तर चालत नाही. म्हणून तिथे हाफिज आणि जाणकार मजकूर तपासतात आणि त्याखाली आपली जबाबदारी घेतात. शिळाप्रेस गेली, ऑफसेट आली, संगणक आला, पण तपासून सही करणारा माणूस हटला नाही.

मोडी आणि निजामी दफ्तर

मराठीतले असेच एक उदाहरण मोडीचे आहे. शेकडो वर्षे महाराष्ट्राचा कारभार मोडीत चालला. छपाईला बाळबोध सोयीची पडली, पुढे सरकारी धोरणही बदलले आणि स्वातंत्र्यानंतर मोडी शाळांतून गेली. मराठवाड्यात निजामाच्या राज्यात १८८० च्या दशकात फारसीची जागा उर्दूने घेतली आणि १९४८ पर्यंत दफ्तर प्रामुख्याने उर्दूत राहिले. त्यानंतर ती कागदपत्रे वाचणारी पिढी ओसरत गेली. 'मोडी शिकून काय करणार, उर्दू शिकून काय मिळणार' ही वाक्ये आपण सर्वांनी ऐकली आहेत.

मग २०२३ साली मराठा आरक्षणाच्या प्रश्नात कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. तहसीलांपासून हैदराबादपर्यंत जुनी दफ्तरे उघडली गेली आणि मोडी, उर्दू, फारसी वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. लाखो कुटुंबांचा प्रश्न एका जुन्या नोंदीतल्या एका शब्दावर येऊन ठेपला. उद्या यंत्रही मोडी आणि शिकस्ता उर्दू वाचू लागेल, तसे प्रयत्न चालू आहेत. तरी त्या वाचनाच्या आधारे दाखला द्यायचा असेल तर 'हे मी वाचले, हे खरे आहे' असे म्हणणारा आणि चुकल्यास जाब देणारा माणूस लागेलच. दुर्मिळ ज्ञान आणि जबाबदारी एकत्र आली की त्या कामाला आयुष्य लाभते.

यात आणखी एक धडा आहे. रोजी नेहमी यंत्रच नेते असे नाही. १८३७ च्या कायद्याने कंपनी सरकारने न्यायालयांतून फारसी हटवण्याचा मार्ग मोकळा केला, तेव्हा कितीतरी मुन्शींचे ज्ञान कोणतेही यंत्र न येता निरुपयोगी झाले. धोरण काय ठरते, यंत्राचा मालक कोण होतो, यावरही बरेच अवलंबून असते. १८५७ नंतर उत्तर हिंदुस्थानातून आलेले मोमीन विणकर मालेगाव आणि भिवंडीत वसले. हातमागाच्या जागी यंत्रमाग आले तेव्हा विणकरांची वस्ती उठली नाही, पण तिचे दोन भाग झाले. एक मागाचा धनी आणि दुसरा त्याच मागावर मजुरी करणारा. दोघांचा हुनर एकच, दोघांच्या मुलांचे नशीब मात्र वेगळे.

आज याचा अर्थ काय?

आता पालकांच्या प्रश्नाकडे येतो. एआयच्या बाबतीत आपण शिळाप्रेसच्या टप्प्यावर आहोत की इनपेजच्या? माझे उत्तर असे की वेगवेगळ्या कामांसाठी हा टप्पा वेगवेगळा आहे. डॉक्टरसाठी एआय शिळाप्रेससारखी ठरू शकते, एकाच माणसाला जास्त रुग्ण पाहता येतील. साधे भाषांतर, डेटा एन्ट्री, ठोकळेबाज मजकूर, लग्नपत्रिकेचे सोपे डिझाइन, कॉल सेंटरची ठराविक उत्तरे, ही कामे मात्र इनपेजच्या टप्प्यावर आली आहेत. नुसत्या या कामांवर मुलाचे भवितव्य बांधू नये.

टिकतील अशी कामे कोणती, हे कातिबांच्या गोष्टीवरून बरेचसे कळते. जिथे माणसाच्या अंगाला हात लावून सेवा करावी लागते ते नर्सिंग, फिजिओथेरपी, वृद्धांची देखभाल. जगभर लाखो परिचारिकांची कमतरता आहे. जिथे प्रत्येक जागा वेगळी असते ते वायरमन, प्लंबर, एसी दुरुस्ती, वेल्डिंग, सौर पॅनेल बसवण्याचे काम. जुन्या चाळीतल्या भिंतीआड पाइप कुठून गेला आहे हे कोणत्याही संगणकाला घरबसल्या कळत नाही. आणि जिथे सही करून जबाबदारी घ्यावी लागते ते वकील, डॉक्टर, लेखापरीक्षक, न्यायालयीन भाषांतरकार.

आपल्या समाजाने इथे एक गोष्ट विशेष समजून घ्यावी. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात नोंद आहे की मुस्लिमांत स्वयंरोजगार करणाऱ्यांचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आणि नियमित पगारी नोकरी करणाऱ्यांचे कमी आहे. गॅरेज, फर्निचर, शिलाई, जरीकाम, रंगकाम यांत आपली माणसे पिढ्यानपिढ्या आहेत. ही मागासलेपणाची खूण मानली गेली आणि ती खोटीही नाही, कारण या कामांत ना पेन्शन, ना विमा, ना प्रमाणपत्र. पण ज्या कामांना आपण कमी लेखून मुलांना बाहेर काढत होतो त्यांतल्या काहींना एआयपासून सर्वात कमी धोका आहे. धोका दुसऱ्या बाजूने आहे, कागद नसण्याचा. वीस वर्षे इंजिन खोलणाऱ्या मिस्त्रीकडे आयटीआयचा दाखला नसतो, म्हणून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचे दार त्याला बंद राहते. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आधीपासून येत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय केलेली आहे. तिची माहिती किती मोहल्ल्यांत पोहोचली?

माझ्या स्वतःच्या पेशाबद्दलही विचारले जाते, बी.एड. करावे का? एडिसनने १९१३ साली भाकीत केले होते की चित्रपटामुळे शाळेतील पुस्तके लवकरच कालबाह्य होतील. रेडिओ आला, दूरदर्शन आले, २०२० मध्ये टाळेबंदीत शाळाच मोबाइलवर आली. धडा सांगण्याचे काम मोबाइलने केले. पण कोणते मूल चार दिवस स्क्रीनवर दिसले नाही, कुणाच्या घरी एकच फोन तीन भावंडांत फिरतो, हे शोधायला शिक्षकालाच घरोघर जावे लागले. जो शिक्षक फक्त धडा सांगतो त्याने काळजी करावी. जो मुलाला ओळखतो त्याला काम राहील. मात्र रिक्त पदे भरायची की नाहीत हे एआय ठरवत नाही, सरकार ठरवते, हेही बी.एड. करणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

म्हणून कोणत्याही अभ्यासक्रमाची फी भरण्याआधी पालकांनी काही साधे प्रश्न विचारावेत. या कामात केवळ वेग विकला जातो की पारखही लागते? चूक झाली तर जाब कोण देतो? समोर माणूस किंवा जागा असावी लागते का? आणि नवे यंत्र आले तर ते माझ्या मुलाला चालवता येईल, की फक्त त्याच्या मालकाला?

शेवटची गोष्ट समाजाच्या जबाबदारीची. कातिबांची कलम थांबली तेव्हा त्यांतले कितीतरी जण चाळिशी-पन्नाशीत होते. मुलांसाठी शिष्यवृत्त्या होत्या, पुस्तके वाटली जात होती, पण चाळिशीतल्या माणसाला नवे काम शिकवायला कोणतीही अंजुमन पुढे आल्याचे माझ्या ऐकिवात नाही. आपले ट्रस्ट, जमाती आणि बैतुलमाल आजही दहावीच्या गुणवंतांचा सत्कार आनंदाने करतात. तो जरूर करावा. त्याच्याच जोडीला, ज्याचे डीटीपीचे दुकान यंदा बंद पडले त्या दोन मुलांच्या बापाला सहा महिने शिकण्यापुरते घरखर्चाचे पैसे देणारी एखादी योजना आपल्या शहरात आहे का, हे येत्या बैठकीत कुणीतरी विचारावे. नसेल तर ती सुरू करण्याचा ठराव तिथेच मांडावा.